कचऱ्याच्या डब्याचा ताळेबंद

छत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत काढलेल्या माणसाला एक सवय जडते. कोणताही प्रस्ताव समोर आला की त्याची जमा कोणती आणि नावे कोणते, हे मन आपोआप मांडू लागते. व्यापारी घराण्यांतील वाचकांना ही सवय निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. रोजमेळ आणि खतावणी पाहतच आपली मुले मोठी होतात. परंतु प्रांजळपणे कबूल करावयाचे तर हिशेबातील माझी सर्वांत मोठी चूक बँकेत झाली नाही. ती निवृत्तीनंतर, पुण्यातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार असताना, कचऱ्याच्या एका साध्या ठरावाच्या वेळी झाली. ती चूक आणि तिच्या निमित्ताने जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सभेतील ठराव

आमच्या सोसायटीत चौसष्ट सदनिका आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बिऱ्हाडे आपल्याच समाजातील व्यापाऱ्यांची. कुणाचे कापडाचे दुकान, कुणाची मार्केट यार्डात पेढी, कुणाचा औषधांचा घाऊक व्यवसाय. अनेक वर्षांपासून कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद असलेल्या एक ताई रोज सकाळी दारोदार फिरून ओला व सुका कचरा वेगवेगळा घेऊन जात. त्याबद्दल प्रत्येक सदनिका दरमहा ८० रुपये देत असे. म्हणजे महिन्याला ५,१२० आणि वर्षाला ६१,४४० रुपये.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एका खासगी कंपनीचा प्रस्ताव आला. प्रस्ताव देखणा होता. सदनिकेमागे अवघे ४५ रुपये, रंगीत डबे मोफत, मोबाइलवर नोंद, आणि सुक्या कचऱ्याचे वजन करून वर सोसायटीलाच किलोमागे काही पैसे. मी कागद पुढे ओढून हिशेब केला. सदनिकेमागे दरमहा ३५ रुपयांची बचत, वर्षाला ४२०, आणि चौसष्ट सदनिकांची मिळून २६,८८० रुपये. शिवाय रद्दीचे उत्पन्न वेगळे. मी अनुकूल मत दिले, आणि खजिनदार अनुकूल म्हटल्यावर ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई जिन्यात भेटल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "काका, तुम्ही बँकेतले. मला एक सांगा, ऐंशी रुपयांत माझं घर चालतं असं वाटलं का तुम्हाला? त्यानं नुसती चूल पेटते. पोरीची फी जाते ती पुठ्ठ्यावर आणि बाटल्यांवर. तो सुका माल तुम्ही दुसऱ्याला दिलात, तर मागं राहिलं काय?"

मी काहीतरी उत्तर दिले असावे. काय ते आज आठवत नाही. मात्र एक गोष्ट त्याच क्षणी टोचली. कर्जाचा प्रस्ताव तपासताना ज्या बाजूचे उत्पन्न बुडणार तिची चौकशी मी नोकरीत कधी चुकवली नव्हती. येथे मात्र एका संपूर्ण बाजूचे खाते मी उघडलेच नव्हते.

डब्लिनचे तीन डबे

त्यानंतर महिनाभरात आम्ही उभयता कन्येकडे आयर्लंडला गेलो. ती व जावई डब्लिन शहराच्या एका उपनगरात राहतात. नातवाचा जन्म नुकताच झाला होता. तीन महिने तेथे राहिलो आणि योगायोग असा की माझ्या वाट्याला जे एकमेव घरकाम आले ते कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवण्याचे.

तेथे घरोघरी चाकांचे तीन उंच डबे असतात. काळा डबा उरल्यासुरल्या कचऱ्याचा. हिरवा डबा पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे कागद, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, प्लॅस्टिक. तपकिरी डबा अन्न व बागेतील पाल्यापाचोळ्याचा. कोणता डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवावयाचा, हे ठरलेले. एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. एकाच गल्लीत वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येत. कन्येच्या घरापुढे एका कंपनीची गाडी थांबे, तर शेजारचे घर सोडून ती पुढे जाई, कारण शेजाऱ्याचे खाते दुसऱ्या कंपनीकडे. मी विचारले तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, इथे कचरा नगरपालिका उचलत नाही. आपणच कंपनी निवडायची, जशी आपण मोबाइलची निवडतो तशी."

हे असे नेहमीच नव्हते. पूर्वी तेथेही कचरा उचलणे हे स्थानिक प्रशासनाचे काम होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डब्लिनमध्ये घरटी कचराशुल्क लागू झाले तेव्हा मोठे आंदोलन उभे राहिले. आम्ही कर भरतो, मग पुन्हा डब्याचे पैसे कशाला, असा आंदोलकांचा प्रश्न होता. सप्टेंबर २००३ मध्ये खासदार जो हिगिन्स आणि नगरसेविका क्लेअर डेली यांना कचरागाड्या अडविण्याच्या प्रकरणी न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल महिनाभराचा तुरुंगवास झाला. कचऱ्याच्या डब्यासाठी लोकप्रतिनिधी तुरुंगात जातात, यावरून त्या प्रश्नाची धग लक्षात यावी. शुल्क मात्र राहिले. पुढे एकेक स्थानिक संस्था या कामातून बाहेर पडत गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द डब्लिन शहराच्या महापालिकेनेही आपले ग्राहक एका खासगी कंपनीकडे सोपविले.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा आहे. कचरागाडीचा मुख्य खर्च इंधन, चालक आणि वेळ यांचा. गाडीने एका गल्लीतील चाळीस घरांचा कचरा घेतला काय किंवा बारा घरांचा घेतला काय, गल्लीत येण्या-जाण्याचा खर्च जवळपास तोच. म्हणजे तीन कंपन्या एकाच गल्लीत शिरल्या तर स्पर्धा दिसते खरी, परंतु प्रत्येक घरामागचा खर्च वाढतो. युरोपातील बहुतेक देशांत यासाठी निराळा मार्ग आहे. तेथे स्थानिक संस्था एका भागाचे काम ठरावीक मुदतीसाठी निविदा काढून एकाच कंपनीला देते. स्पर्धा काम मिळविण्यासाठी होते, गल्लीत होत नाही. आयर्लंडच्या स्पर्धा व ग्राहक संरक्षण आयोगानेही २०१८ च्या आपल्या अहवालात या क्षेत्रावर आर्थिक नियंत्रण ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा असावी, अशी शिफारस केली. बाजार खुला ठेवला की ग्राहकाचे हित आपोआप साधते, हे प्रत्येक धंद्यात खरे नसते. आपण व्यापारी माणसे. हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमजावयास हवे.

हिरवा डबा फुकट का होता?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बराच काळ अनेक कंपन्या काळ्या डब्याचे पैसे घेत आणि हिरवा डबा विनामूल्य रिकामा करीत. त्यामागे दोन हेतू होते. लोकांनी वर्गीकरण करावे म्हणून काळा डबा महाग आणि हिरवा फुकट ठेवणे हे धोरण म्हणून योग्यच होते. दुसरे कारण धंद्याचे. हिरव्या डब्यातील मालाला बाजारात भाव होता. पुठ्ठा विकला जाई, प्लॅस्टिकच्या गठड्या बांधून चीनला पाठविल्या जात.

जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळविले की चोवीस प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात तो बंद करणार आहे. जानेवारी २०१८ पासून ती बंदी अमलात आली. जगभरातील टाकाऊ प्लॅस्टिक आणि मिश्र कागदाचा मोठा गिऱ्हाईक एका फटक्यात दुकान बंद करून निघून गेला. भाव कोसळले. आयर्लंडच्या प्लॅस्टिकचा मोठा भाग चीनलाच जात असल्यामुळे तेथे त्याचा परिणाम विशेष जाणवला. याच सुमारास अनेक कंपन्यांनी हिरव्या डब्यालाही शुल्क लावण्यास सुरुवात केली. ज्या नागरिकांनी वर्षानुवर्षे डबे धुऊन, कागद घडी घालून वर्गीकरण केले, त्यांना वाटले की आपल्या सद्वर्तनाचा दंड आपल्यालाच होतो आहे.

शुल्क कसे आकारावे याबद्दलही तेथे बराच गोंधळ झाला. दरमहा ठरावीक रक्कम घेतली तर कचरा कमी करण्याची प्रेरणाच उरत नाही, कारण दोन किलो टाका की वीस किलो, बिल तेवढेच. म्हणून वजनाप्रमाणे शुल्क घेण्याची योजना १ जुलै २०१६ पासून लागू होणार होती. परंतु कंपन्यांचे नवे दर जाहीर होताच असंतोष उसळला आणि शासनाला ती योजना थांबवावी लागली. ज्या घरात तान्ही मुले आहेत, ज्या घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे आहेत, तेथे लंगोटांचे वजन टळत नाही. अशा घरांना सवलत द्यावी लागेल, हा मुद्दाही त्या वेळी पुढे आला. अखेर वजनाची सक्ती सोडून देण्यात आली. मात्र ठरावीक मासिक रकमेत हवा तेवढा कचरा, ही पद्धत २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

त्या देशाने काही गोष्टी निर्विवाद चांगल्या केल्या, हेही नमूद केले पाहिजे. मार्च २००२ मध्ये दुकानातील प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा कर बसविला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. १ फेब्रुवारी २०२४ पासून शीतपेयाची बाटली वा पत्र्याचा डबा विकत घेताना अनामत रक्कम द्यावी लागते, अर्धा लिटरपर्यंत १५ सेंट आणि त्यापेक्षा मोठ्या बाटलीला २५ सेंट. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की अनामत परत. कन्येच्या घरातील बाटल्यांची पिशवी घेऊन मी आठवड्यातून एकदा त्या यंत्रापुढे रांगेत उभा राहत असे. आपल्याकडे सोड्याच्या काचेच्या बाटलीवर दुकानदार अनामत घेत असे, ते आठवून मला हसू येई. आपण जे सोडून दिले ते त्यांनी कायद्याने परत आणले.

पुण्याने काढलेला मार्ग

परदेशातील व्यवस्था पाहून आपल्याकडील सारेच कमी प्रतीचे मानण्याची एक खोड आपल्याला असते. डब्लिनमध्ये बसून मला उलटच वाटू लागले. कारण याच प्रश्नाला पुण्याने दिलेले उत्तर अधिक विचारपूर्वक दिलेले आहे, असे माझे मत झाले.

१९९३ साली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने यांचे काम त्यामागे होते. मार्केट यार्डातील आपल्या व्यापाऱ्यांना बाबा आढाव हे नाव हमाल पंचायतीमुळे परिचित आहे. जो विचार हमालांच्या बाबतीत, तोच येथे होता. ओझे वाहणारा हा भिकारी नाही, श्रमिक आहे. त्याला ओळखपत्र हवे, ठरलेला मोबदला हवा. उकिरड्यावर उन्हातान्हात कागद वेचणाऱ्या स्त्रिया भंगार व्यवसायाला कच्चा माल पुरवितात आणि शहराचा वाहतुकीचा खर्च वाचवितात, हे या संघटनेने हिशेबाने दाखवून दिले.

याच पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. व्यवस्था अशी की कचरावेचक सभासदाने दारातून वर्गीकृत कचरा घ्यावा, ओला कचरा महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवावा, सुक्या कचऱ्यातील विकाऊ माल निवडून भंगाराच्या दुकानात विकावा आणि नागरिकाने ठरलेले सेवाशुल्क थेट त्या व्यक्तीच्या हाती द्यावे. म्हणजे उत्पन्नाचे दोन पाय, एक शुल्काचा आणि दुसरा विकाऊ मालाचा. एक पाय काढून घेतला तर माणूस उभा राहत नाही. ताईंनी जिन्यात मला हेच सांगितले होते.

या व्यवस्थेतही उणिवा आहेत. काही भागांत सेवा अनियमित असते, काही नागरिक शुल्क देण्याचे टाळतात, अनेक घरांतून कचरा मिश्रच येतो. २०२० च्या अखेरीस पाच वर्षांचा करार संपला तेव्हा हे काम खासगी ठेकेदारांकडे द्यावे की काय, अशी चर्चाही शहरात झाली. परंतु पर्याय तपासताना दुसऱ्या बाजूचे स्मरण ठेवावयास हवे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे जाऊन पडत होता. तेथील ग्रामस्थांच्या विहिरी दूषित झाल्या, दुर्गंधीने जगणे कठीण झाले, आणि त्यांनी अनेकदा कचरागाड्या रोखल्या. आपल्या दारातून जो पुठ्ठा वा बाटली वेचली जाते ती त्या गावच्या ढिगावर जात नाही. हे मूल्य कोणत्याही सोसायटीच्या जमाखर्चात दिसत नाही, तरीही ते खरे आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावर तीन कर्तव्ये टाकली. ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण करणे. वर्गीकृत कचरा अधिकृत कचरावेचकाकडे वा संकलकाकडे देणे. आणि स्थानिक संस्थेने ठरविलेले शुल्क भरणे. रोज सरासरी शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यास त्या नियमांनी मोठा कचरा-निर्माता मानले आणि त्याची जबाबदारी वाढविली. साठ-सत्तर बिऱ्हाडांच्या सोसायटीला शंभर किलो फार दूर नाहीत. मुंबई महापालिकेनेही २०२५ मध्ये घराच्या क्षेत्रफळानुसार दरमहा १०० ते १,००० रुपये शुल्काची तरतूद असलेला उपविधींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. तात्पर्य, कचरा फुकट जाण्याचे दिवस संपत आले आहेत. पैसे द्यावे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कुणाला आणि कोणत्या कामाचे द्यावे, एवढाच प्रश्न आहे.

ठरावाचे पुढे काय झाले

जानेवारीत आम्ही परतलो तेव्हा टेबलावर कंपनीचे पत्र माझी वाट पाहत होते. पुठ्ठ्याचा भाव उतरल्यामुळे सुक्या कचऱ्याचे पैसे देणे यापुढे शक्य नाही. उलट त्याच्या संकलनासाठी सदनिकेमागे स्वतंत्र ४० रुपये आकारावे लागतील. ४५ आणि ४० मिळून ८५ रुपये झाले. माझी २६,८८० रुपयांची बचत कुठल्या कुठे गेली आणि पूर्वीपेक्षा पाच रुपये वरच चढले. हिरव्या डब्याची गोष्ट डब्लिनमध्ये ऐकून मी घरी आलो, तो तीच गोष्ट माझ्या आधी येऊन बसलेली.

तक्रारी आणखीही होत्या. गाडी एक दिवसाआड येत असल्याने ओला कचरा घरात साठे. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरलेले असते. तेथे दोन-दोन दिवसांची साले कुजत ठेवणे गृहिणींना असह्य झाले. साठलेल्या ओल्या कचऱ्यात जीवोत्पत्ती होते, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींतील शेवटची समिती त्याज्य वस्तू कोठे व कशी टाकावी याविषयीच आहे. टाकतानाही यत्न हवा, टाकण्याने कुणा जीवाला पीडा होऊ नये, ही दृष्टी ज्या परंपरेने दिली, तिच्यातील माणसांनी केवळ ३५ रुपयांच्या बचतीवर या विषयाचा निर्णय घ्यावा, याचे मला मनस्वी वाईट वाटले.

विशेष सभा बोलाविली. मी उभे राहून सांगितले की सप्टेंबरात मी मांडलेला हिशेब अपुरा होता आणि त्याची जबाबदारी माझी आहे. एका तरुण सदस्याने विचारले, "काका, कंपनीने दर वाढवला, त्यात तुमची काय चूक?" मी म्हणालो, "दर वाढणार की नाही हे करारात पाहिलं नाही, ही पहिली चूक. ताईंना बोलावून विचारलं नाही, ही दुसरी. पहिली चूक पैशाची होती, दुसरी नव्हती."

जुना ठराव रद्द झाला. परंतु ताई लगेच परत येऊ शकल्या नाहीत. मधल्या काळात त्यांनी दूरच्या एका वसाहतीतील काम धरले होते आणि तेथील माणसांना शब्द दिला होता. त्या चार महिन्यांत उत्पन्न घटल्यामुळे मुलीचे एक सत्र बुडाले, हे मला नंतर कळले. त्यांनी ते स्वतः सांगितले नाही. तीन महिन्यांनी तेथे दुसरी व्यक्ती मिळाल्यावर त्या आल्या. आल्या त्या तीन अटी घेऊन. शुल्क पाच तारखेच्या आत एकरकमी मिळावे; सुका माल पूर्णपणे त्यांचा असावा; आणि सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत, म्हणजे उघड्या हाताला ती घाण लागत नाही. तिन्ही अटी लेखी मान्य केल्या. मुलीचे नाव पुन्हा महाविद्यालयात घातले आहे. बुडालेले सत्र मात्र माझ्या ताळेबंदात नावे बाजूला कायमचे राहील.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रत्येक खासगी कंपनी वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. अनेक ठिकाणी त्या उत्तम काम करतात. परंतु ज्या बंधू-भगिनींवर आपापल्या सोसायटीची जबाबदारी आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात, ही विनंती.

पहिली, दर किती काळ स्थिर राहणार आणि तो कोणत्या कारणाने वाढू शकतो, हे करारात लिहिलेले आहे काय? सुक्या मालाचा भाव उतरला तर तोटा कोणी सोसावयाचा, हे स्पष्ट असावे. पहिल्या सहा महिन्यांचा दर पाहून भुलू नये.

दुसरी, कचरा दारातून उचलल्यानंतर तो जातो कोठे? ओल्याचे खत होते की तो एखाद्या गावच्या माळावर पडतो? ज्याला हे सांगता येत नाही, त्याचा कमी दर म्हणजे दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च होय.

तिसरी, सध्या हे काम करणारी व्यक्ती कोण आहे आणि तिच्या उत्पन्नाचे काय होणार? तिला सभेत बोलावून ऐकावे. आपण नोकराला काढतानाही महिन्याची सूचना देतो.

चौथी, आपला कचरा मुळात कमी कसा होईल? ओल्या कचऱ्याचे खत गच्चीत वा आवारात करता आले तर निम्मे ओझे तेथेच संपते. आमच्याकडे आता दोन टाक्या बसविल्या आहेत. साले, चहाचा चोथा आणि देवघरातील फुले यांचे खत होते, आणि ते बागेला पुरून उरते.

व्यापारी घरांना आणखी एक सांगावेसे वाटते. घरातील डब्यात आपण ओला-सुका वेगळा करतो आणि दुकानातून पुठ्ठा, थर्माकोल, प्लॅस्टिकचे वेष्टण संध्याकाळी एका ढिगात रस्त्यावर लोटतो. पुठ्ठा कोरडा व सपाट करून, दोरीने बांधून दिला तर वेचणाऱ्याला त्याचे पूर्ण पैसे मिळतात. पावसात भिजला तर काहीच मिळत नाही. आपल्याला त्यासाठी लागतात फक्त पाच मिनिटे. पॅकिंगमध्ये प्लॅस्टिक वापरणाऱ्या उत्पादक व आयातदार बांधवांवर तर विस्तारित उत्पादक जबाबदारीचे नियम आता कायद्यानेच बंधनकारक आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. आपल्या करसल्लागारासोबत त्याचीही तपासणी करून घ्यावी.

या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत कचऱ्याचा विषय आला तेव्हा शुल्क ८० वरून ९० करावे, असा प्रस्ताव मीच मांडला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "खजिनदार खर्च वाढवतात, हे पहिल्यांदाच पाहतोय." सभेत हशा पिकला. ठराव मंजूर झाला. त्या वेळी ताई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या, कारण आता आमच्या सभेच्या सूचनेत कचऱ्याचा विषय असला की एक प्रत त्यांनाही जाते.